माझा रोजा, कापश्याचं पाणी

सशाला मोटारीतून लांब न्यायचं असेल तर दर अर्ध्या तासाला गाडी थांबवावी लागते. चालत्या गाडीत तो पाणी पीत नाही. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आपण वाटी पुढं केली, की तो आधी नाक हलवत बसतो आणि आपण दुसरीकडं बघितल्याशिवाय वाटीला तोंड लावत नाही. जेवताना कुणी टक लावून बघितलेलं मलाही आवडत नाही, म्हणून ह्यात मी त्याचा दोष काढत नाही. पण मे महिन्याचं ऊन, रमजानचा सतरावा रोजा, घशाला कोरड, आणि अशा माणसानं गार पाण्याची वाटी हातात धरून, झाडाकडं तोंड करून, मागं चपचप आवाज येतोय का ते ऐकत उभं राहायचं, ही काय गंमत असते ते ज्याचं त्याला ठाऊक.

मी सिकंदर अत्तार. शिवाजी पेठेत राहतो आणि मोजणीच्या कचेरीत बावीस वर्षं नोकरी करतो. आजवर कुणाच्या बांधाची एक वीत इकडची तिकडं केलेली नाही. हे सांगायचं एवढ्यासाठी, की पुढचं वाचून कुणी मला बेफिकीर म्हणू नये. ह्या प्रवासाचं मी रीतसर वेळापत्रक केलं होतं. कुठं थांबायचं ते निळ्या शाईनं आणि पाणी कुठं पाजायचं ते लाल शाईनं.

ससा माझा नव्हे, मुलीचा. मलिका तिचं नाव. फेब्रुवारीत तिचं लग्न झालं आणि ती गडहिंग्लजला गेली. पांढराशुभ्र ससा, म्हणून तिनंच त्याचं नाव कापश्या ठेवलं होतं. पाठवणीच्या वेळी बघतो तर ही एका हातानं डोळे पुसतेय आणि दुसऱ्या हातात सशाची पेटी. व्याह्यांकडची सगळी मंडळी बघत उभी. मी म्हटलं, सासरी कुणी ससा घेऊन जातं काय, लोक काय म्हणतील, ठेव ती पेटी खाली. जरा मोठ्यानं म्हटलं, हे कबूल आहे. तिनं पेटी खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर तिची पत्रं येत ती आईच्या नावानं. त्यात आईची चौकशी, शेजारच्या झुंबरबाईंच्या म्हशीची चौकशी, कापश्याची तर सव्वा पान. माझं नाव नाही. शेवटी ‘घरातल्या सर्वांना सलाम’ असे, त्या सर्वांत मी मोडत असेन. तीन महिन्यांत सात पत्रं आली. मदिना, म्हणजे माझी बायको, नमाजाला उभी राहिली की मी ती हळूच काढून वाचायचो. पहिल्यांदा भरभर, मग एकेक ओळ, कुठं नजरचुकीनं ‘अब्बा’ राहून गेलंय का ते बघायला.

अशात रमजान लागला आणि कापश्यानं खाणं टाकलं. दोन दिवस कोथिंबिरीला तोंड लावलं नाही. मदिना म्हणाली, पोरीच्या आठवणीनं झुरतोय तो. आमच्यात मुलीच्या पहिल्या रमजानला तिच्या सासरी इफ्तारीचं सामान न्यायची रीत आहे, तेव्हा जायचं होतंच. मी म्हटलं, जातोच आहे तर सशालाही पोचवून येतो, मुकं जनावर, उगाच मरायला नको. मला स्वतःला पोरीची आठवण येत होती, घर खायला उठत होतं, हे आता लिहायला काही वाटत नाही. त्या वेळी मात्र मी सशाच्या प्रकृतीवरच बोलत राहिलो. आत धाकधूक एकाच गोष्टीची होती. हा ससा माझ्या हातून वाटेत मेला, तर ती जन्मात माझ्याशी बोलणार नाही.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते भले गृहस्थ, पण त्यांची सगळी हयात म्हशीत गेलेली. त्यांनी सशाला उचलून बघितलं, वजनाला भागाकार करून काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, पहाटे निघा, गाडी थांबवून पाणी पाजा, त्याचे कान तेवढे बघत राहा, कान गरम लागले की ओलं फडकं लावा. सल्ला चांगला होता. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण पेठेत एखाद्याच्या घरी काही चाललंय आणि ते गल्लीला ठाऊक नाही, असं होत नाही. झुंबरबाई म्हणाल्या, जनावराला वाटेत आंबोण लागतंय, पेंड भिजवून देते. समोरच्या तालमीचे पिराजी वस्ताद स्वतः येऊन ससा बघून गेले. मांड्या चांगल्या आहेत, पण उन्हाच्या प्रवासाला अंगात गारवा पाहिजे, थंडाईशिवाय ह्याला हलवू नका, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी हसण्यावारी नेलं.

वस्ताद हसण्यावारी नेण्यातले नव्हते. जायच्या दिवशी आम्ही पहाटेच निघणार होतो, पण मोटारीत पायाशी ठेवायला बर्फाची लादी सांगितली होती आणि कारखाना उघडला नऊ वाजता. लादी भुश्यात घालून, गोणपाटात गुंडाळून गाडीत चढवतोय तोवर वस्ताद तांब्या घेऊन हजर. बदाम, खसखस, बडीशेप, रात्रभर भिजवून वाटलेलं. त्यांचं मन मोडवेना. वाटीत ओतून कापश्यापुढं ठेवलं. त्यानं वास घेतला, वाटीत चारी पाय ठेवले आणि बसला. त्याला धुवून पुसून वाळवेपर्यंत साडेदहा वाजले, आणि वेळापत्रकातले लाल शाईचे सगळे मुक्काम घरातच संपले.

मोटार ज्ञानूची. पूर्वी कुस्त्या करायचा, आता भाड्यानं गाडी चालवतो. गाडी जुनी होती, पण ज्ञानू दिलदार. मला रोजा आहे कळल्यावर म्हणाला, “तुम्ही पानी प्यायचं न्हाई आनि मी तुमच्या म्होरं ढोसायचं, बरं दिसत न्हाई चाचा. आज मीबी धरतो.” मी नको नको म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. कागलला चाकातली हवा बघतो म्हणून उतरला आणि दहा मिनिटांनी आला तो मिशा ओल्या, अंगाला उसाच्या रसाचा वास. पुढं दोन मैल त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं नाही.

व्यवस्था मात्र बघण्यासारखी होती. हापूसच्या पेटीत गवत, पेटीवर ओलं गोणपाट, शेजारी बर्फाची लादी, आणि उकळून, गाळून, गार केलेल्या पाण्याचे दोन डबे. कापश्या आत पाय पसरून पडला होता. मागच्या बाजूला इफ्तारीची टोपली. दोन कलिंगडं, दीड डझन काकड्या, केळी, डाळिंबं, खजुराचा डबा, गुलाबाच्या सरबताची बाटली. टोपलीवर मदिनानं भरतकामाचा रुमाल टाकला होता. व्याह्यांच्या दारात टोपली कशी उतरवायची, रुमाल कसा बाजूला करायचा, हे सगळं तिनं मला दोनदा करून दाखवलं होतं.

गडहिंग्लज आपल्याच जिल्ह्यात असलं तरी रस्ता मधे कर्नाटकातून जातो, म्हणजे माणूस घरातल्या घरात दोनदा सरहद्द ओलांडतो. माणसाचं ठीक असतं. नाक्यावरच्या कारकुनानं पेटीवरचं गोणपाट उचललं आणि जनावर म्हणून आम्हाला बाजूला घेतलं. फॉर्म बैलांसाठी छापलेला. शिंगं: नाहीत, असं लिहिलं. रंग: पांढरा. उंची खुरापासून वशिंडापर्यंत. आता सशाचं वशिंड कुठून आणायचं? तरी खिशात टेप होती, मी मापून दिलं. कान धरायचे की सोडायचे ह्यावर आमचा बराच वाद झाला, आणि ह्या विषयात मी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हे. शेवटी कान वेगळे दाखवले.

घोडं अडलं ते ‘नेण्याचं प्रयोजन’ ह्या रकान्यावर. त्यात तीनच गोष्टी छापल्या होत्या: कत्तल, पैदास, शेतीकाम. मी म्हटलं, मुलीकडं नेतोय. कारकून म्हणाला, मुलगी छापलेली नाही. माणूस वयस्कर होता, स्वभावानं वाईट नव्हता. त्यानं माझ्या टोपीकडं बघितलं, टोपलीकडं बघितलं आणि सोपा मार्ग सुचवला.

“कत्तल लिवा की, अण्णा. सगळे तेच लिवत्यात.”

माझं डोकंच फिरलं. ज्याच्यासाठी सकाळपासून जीव टाकतोय, ज्याच्या कानाला मी स्वतः तासातासाला हात लावून बघतोय, त्याच्यापुढं कत्तल लिहू? रोजाच्या दिवशी आवाज चढवू नये, पण चढला. नाक्यावरची माणसं जमली. कुणी म्हणालं, पैदास लिहा. तर म्हणे पैदाशीला मादी दाखवा. असा दीड तास गेला. शेवटी ज्यानं बावीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाही, त्या सिकंदर अत्तारानं सही करून लिहून दिलं, की सदरहू ससा शेतीकामासाठी नेत आहे. भांडण मिटलं तशी माणसं गोड झाली. डब्यात काय आहे म्हणून विचारलं. इफ्तारीचा खजूर म्हटल्यावर कारकुनानं चपला काढल्या, दोन्ही हात पुढं केले, एक खजूर कपाळाला लावून खाल्ला आणि बाकीच्यांना हाका मारल्या. देवाचं म्हणून हात पुढं करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? नाक्यावर बारा माणसं होती, त्यातल्या तिघांनी घरच्यांसाठी नेला. डबा संपला. गाडीत येऊन बघतो तर बर्फाची लादीही संपली होती आणि तिचं पाणी मोटारीच्या तळातल्या भोकातून कर्नाटकाच्या जमिनीत गेलं होतं.

निपाणी ओलांडून तवंदीच्या घाटाला लागलो तेव्हा अडीच वाजले होते. अर्ध्यावर मोटारीच्या तोंडातून वाफ निघाली. ज्ञानू म्हणाला, जरा दम खाऊ दे तिला. मी वाटीतलं उरलेलं पाणी कापश्याला पाजलं, कान बघितले, पेटी सावलीत ठेवली आणि जुहरची, म्हणजे दुपारची, नमाज राहिली होती ती लिंबाखाली रुमाल टाकून पढायला उभा राहिलो. नमाजाचा शेवटचा सलाम फेरून मागं बघतो तर ज्ञानू मोटारीचं तोंड उघडून त्यात पाण्याचा डबा उपडा करतोय. दुसरा डबा शेजारी आडवा पडलेला.

“अरे, ते कापश्याचं पाणी!”

“पानी मोटारीला पायजेच की, चाचा. गाडी काय ससा ढकलत न्हेनार हाय?”

बोलला ते बरोबर, म्हणून राग जास्त आला. उकळून, गाळून, मलमलच्या फडक्यातून दोनदा ओतून गार केलेलं पाणी त्या डबड्याच्या घशात गेलं होतं. कापश्याचे कान तापायला लागले होते. मी पेटी उराशी धरून घाटातून चालत निघालो. दोन वळणांवर एक खोपटं होतं. तिथल्या चिमणाबाई नावाच्या म्हातारीनं हाक मारून बसवलं आणि माझा अवतार बघून काही न विचारता तांब्या पुढं केला. विहीर आटलेली, घागरभर पाणी ती मैलावरून आणत होती. मी तांब्या घेतला आणि वाटीत ओतून कापश्यापुढं ठेवला. ती म्हणाली, पावणं, आधी तुम्ही प्या. मी रोजाचं सांगितलं. सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलं, सशाकडं बघितलं.

“म्हंजे तुमचा उपास हाय आनि त्येचा न्हाई?”

“नाही.”

“मग त्योच श्याना म्हनायचा,” ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरनं हात फिरवला.

दुसरा तांब्या मागायचा धीर मला झाला नाही. मागं ज्ञानू गाडी घेऊन आला. पुढं रस्ता उघडा, ऊन मरणाचं, कापश्या पोटानं श्वास घ्यायला लागलेला. मी पाच मिनिटं रुमालावरच्या भरतकामाकडं बघितलं आणि मग टोपली उघडली. आधी काकडी. तिच्या चकत्या करून दोन त्याच्या तोंडापुढं ठेवल्या, दोन कानांवर धरल्या. त्यानं खाल्ल्या. तोंडापुढच्या खाल्ल्या आणि कानावरून घसरल्या त्याही खाल्ल्या. मग मैलामैलाला एक काकडी. संकेश्वर येईपर्यंत काकड्या संपल्या आणि मी कलिंगड फोडलं. गाडी खड्ड्यांतून जातेय, लालभडक रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतोय, गोड वास गाडीत कोंडलाय, माझी जीभ टाळूला चिकटलीय, आणि कापश्या मिटक्या मारतोय. प्रवासात रोजा न धरायची मुभा आहे. मला ती ठाऊक होती. पण पोरीच्या दारात पहिल्या रमजानला रोजा न धरता जायचं मनाला पटत नव्हतं, एवढीच माझी हुशारी. केळी ज्ञानूनं संपवली, डाळिंबांतलंही एकच ठेवलं. सशाला नको, तुम्हाला चालत नाहीत, मग वाया कशाला घालवायची, असा त्याचा हिशेब होता. कापश्याला काही झालेलं नव्हतं, त्याला फक्त आमच्या घरच्या कोथिंबिरीचा कंटाळा आला होता, हे मला दुसरं कलिंगड निम्मं झाल्यावर कळलं.

परत महाराष्ट्रात शिरताना दुसरा नाका. तिथल्या शिपायानं कागद वाचला, पेटीत बघितलं आणि अगदी कामाच्या आवाजात म्हणाला, शेतीकामाला म्हणजे औताला जोडी लागते, दुसरा कुठाय? मी तोंड उघडायच्या आत ज्ञानूनं सांगून टाकलं, दुसरा पावण्यांच्या घरी हाय. शिपायानं शिक्का मारला. माझ्या सहीखाली.

गडहिंग्लजला व्याह्यांच्या दारात गाडी थांबली तेव्हा मगरिबच्या, म्हणजे रोजा सोडायच्या, अजानला दहा मिनिटं होती. आत जेवणाचा दस्तरखान अंथरला होता, सगळे त्याभोवती बसून वाट बघत होते. मी उतरलो. सदऱ्यावर कलिंगडाचा रस वाळलेला, हाताला माश्या बसतायत. टोपलीत सरबताची बाटली, ज्ञानूनं दाबून फोडलेलं एक डाळिंब आणि साली. मदिनानं शिकवल्याप्रमाणं मी टोपली दोन्ही हातांनी उतरवली आणि रुमाल बाजूला केला. विहीणबाई हाफिजाबींनी आत बघितलं. खानदानी बाई. म्हणाल्या, मोठी तसदी घेतलीत. मला जमिनीनं दुभंगून पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

मलिका बाहेर आली ती सरळ पेटीकडं. तिनं कापश्याला उचललं, पोट दाबून बघितलं, कान गालाला लावले. “कान गार आहेत,” ती म्हणाली. सशाला म्हणाली. मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. माझे ओठ फुटले होते, ते मला त्या वेळी कळलं.

“रोजा आहे तुमचा?”

“आहे.”

“एवढ्या उन्हात? प्रवासात सूट असते, अब्बा.”

अब्बा म्हणाली. मी काय बोलायचं ठरवून आलो होतो ते सगळं विसरलो. व्याही समोर उभे होते, ज्ञानू उभा होता, गल्लीतली दोन पोरंही आली होती.

“मलिका, त्या दिवशी माझं चुकलं,” मी म्हटलं. “चारचौघांत तुझ्यावर ओरडायला नको होतं. ससा तुझा होता, तू न्यायला हवा होतास.”

तिनं ससा नवऱ्याच्या हातात दिला, माझा चिकट हात धरून मला आत नेऊन बसवलं. अजान झाली. तिनं स्वतः खजूर दिला आणि पाण्याचा ग्लास माझ्या तोंडाशी धरला, मी पुरा पिईपर्यंत खाली घेतला नाही.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, आता कापश्या तुझा, सांभाळ. डॉक्टरांचा सल्ला सांगितला, पाण्याच्या वेळा सांगितल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“उद्या जाताना ह्याला परत न्या,” ती म्हणाली.

मला वाटलं, राग गेलेला नाही. मी समजावायला लागलो, की एवढ्या लांबून जिवावर उदार होऊन आणलाय, नाक्यावर खोटी सही केलीय.

“तो इथं राहिला तर तुम्ही परत कशाला याल?” ती म्हणाली. “पोरीला बघावंसं वाटलं म्हणून तुम्ही कधी यायचे नाही. मी ओळखते की तुम्हाला. घरी न्या, आणि महिन्याच्या महिन्याला ह्याला भेटवायला आणत जा.”

हाफिजाबी पदर तोंडाला लावून हसल्या. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण ती बोलली ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची फजरची नमाज झाली तशी, ऊन चढायच्या आत, आम्ही निघालो. मलिकानं पाण्याचे चार डबे भरून दिले, दोन मोटारीचे आणि दोन कापश्याचे, वर कोळशानं खुणा करून. ती रस्त्याच्या वळणापर्यंत गाडीबरोबर चालत आली. वळणावर मी मागं बघितलं, ती तिथंच उभी होती. नाका यायच्या आत मी ज्ञानूला ईदची तारीख सांगून टाकली. चंद्र दिसला तर सोमवार, नाही तर मंगळवार. दोन्ही दिवस गाडी दुसऱ्या कुणाला देऊ नकोस म्हटलं.